पेरणीआधी मातीतले जड धातू तपासून घ्या : इंदूर परिसरातल्या भाजीपाला उत्पादकांसाठी उन्हाळी सल्ला

गहू, लसूण, बटाटा निघाला आहे आणि सोयाबीनच्या पेरणीला अजून अवकाश आहे. माती तपासायची असेल तर हेच दिवस. हा सल्ला सगळ्यांसाठी असला, तरी कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठी, खाली सांवेरपर्यंत, ज्यांची मोटर नदीत किंवा नाल्यात सोडलेली आहे त्यांनी तो जास्त मनावर घ्यावा. सांवेर रोडच्या औद्योगिक पट्ट्यालगत ज्यांची शेती आहे त्यांनीही.

पहिली गोष्ट म्हणजे मृदा आरोग्य कार्डावर विसंबू नका. २०१५ साली सुरू झालेल्या या कार्डात बारा बाबी तपासतात. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांत जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. कार्ड उपयोगाचं आहे, ते जरूर काढा. पण शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक या घातक जड धातूंतलं एकही नाव त्यात नाही. नाल्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं पालक घेतलेल्या वावराचं कार्डही अगदी चांगलं येऊ शकतं. म्हणून प्रयोगशाळेत जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते, आणि तिचे पैसेही वेगळे पडतात.

मागताना दोन शब्द नीट सांगा : ‘एकूण’ आणि ‘उपलब्ध’. एकूण प्रमाणासाठी माती तीव्र आम्लांत उकळून विरघळवतात आणि मग त्यातले धातू एएएस किंवा आयसीपी नावाच्या यंत्रावर मोजतात. उपलब्ध प्रमाणासाठी डीटीपीए नावाच्या द्रावणात माती दोन तास हलवतात. पिकाच्या मुळांना साधारण किती मिळू शकेल, त्याचा अंदाज त्यावरून येतो. ही दुसरी पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल या मृदाशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडली ती सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता ओळखण्यासाठी. जस्त ०.६ पीपीएमच्या (म्हणजे किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅमच्या) खाली गेलं की झिंक सल्फेट द्या, हा हिशेब त्याच पद्धतीचा. जमिनीत वर्षानुवर्षं काय साचलं ते एकूण आकडा सांगतो. त्यामुळे दोन्ही करून घ्या, आणि एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मर्यादेशी ताडून पाहू नका. घबराट आणि बेफिकिरी, दोन्ही बऱ्याचदा इथूनच सुरू होतात.

माझ्या मते निम्मी तपासणी प्रयोगशाळेत पोचायच्या आधी, नमुना घेतानाच बिघडते. घरातली पत्र्याची बादली जस्ताच्या मुलाम्याची असते, तिच्यात माती कालवली की जस्ताचा आकडा फुगलाच समजा. रंग दिलेलं फावडं, गंजलेली खुरपी, पत्र्यावर वाळवलेली माती, सगळ्यांचं तेच. प्लॅस्टिकची स्वच्छ बादली घ्या, खुरपी स्टेनलेस स्टीलची किंवा लाकडी घ्या. माती प्लॅस्टिकच्या कागदावर सावलीत वाळवा, ढेकळं लाकडी मोगरीने फोडा आणि नायलॉनच्या चाळणीने चाळा.

आता वावरात कुठे खणायचं ते. आपली काळी माती या दिवसांत भेगाळते, आणि भेगा चांगल्या हातभर खोल जातात. वरची धूळ, खताचे कण, गाळाची पापडी त्यांत पडते आणि पाऊस आला की भेग मिटून सगळं आत गाडलं जातं. भेगेच्या तोंडाशी घेतलेला नमुना त्यामुळे फसवा. दोन भेगांमधली अखंड जागा निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला करा, माती मात्र खरडू नका, कारण शिसे बहुतेक वरच्याच थरात असतं. इंग्रजी व्ही अक्षरासारखा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. अशा पंधरा-वीस जागांची माती एकत्र करा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.

पण या पंधरा-वीस जागा सगळ्या शेतभर पसरू नका. मोटरचं पाणी जिथे पडतं, त्या पहिल्या वाफ्यांत गाळ बसतो आणि धातू गाळाला चिकटून येतात. तो तुकडा वेगळा, शेवटचे वाफे वेगळे, रस्त्याकडेची पट्टी वेगळी. सगळं एकत्र कालवलं तर वाईट तुकडा चांगल्या मातीत लपून जातो आणि अहवाल गुळमुळीत येतो.

याशिवाय एक नमुना गावातल्याच अशा शेतातून घ्या जिथे फक्त विहिरीचं पाणी दिलं जातं आणि माती त्याच जातीची आहे. हा तुलनेचा नमुना कृपा करून टाळू नका. माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून झाली आहे, आणि या खडकात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतात. हे आकडे मोठे दिसले म्हणजे कारखान्याचं पाणी मुरलं असंच नाही. विहिरीवरचं शेत आणि नाल्यावरचं शेत यांत फरक किती, ते पाहायचं. शिसे आणि कॅडमियम मात्र या खडकात थोडेच असतात, ते वाढलेले दिसले तर बाहेरूनच आले असं धरून चला.

हल्ली क्ष-किरणांनी धातू मोजणारं, पिस्तुलासारखं एक्सआरएफ यंत्र घेऊन जागेवर आकडा सांगणारेही भेटतात. शिसे, जस्त, तांबे यांची ढोबळ पाहणी त्याने होते, तीही माती कोरडी असेल तर. आपल्याला घातक ठरेल इतकं थोडं कॅडमियम मात्र ते सहसा टिपत नाही.

अहवाल हातात आला की आधी ‘आढळले नाही’ असं कुठे लिहिलंय ते पाहा आणि यंत्र किमान किती मोजू शकतं ते विचारा. त्या आकड्याशिवाय ‘आढळले नाही’ला अर्थ नाही. शक्य असेल तर एकच माती दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवा. आकडे जवळपास आले तर विश्वास ठेवा. आपल्याकडे एकूण प्रमाणासाठी साधारणपणे कॅडमियम ३ ते ६, शिसे २५० ते ५००, निकेल ७५ ते १५० आणि जस्त ३०० ते ६०० पीपीएम या मर्यादा सांगितल्या जातात. पालक-मेथी घेणाऱ्याने कॅडमियम ३ च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पानंही तपासून घ्या. पालेभाजीच्या ताज्या वजनात कॅडमियम ०.२ आणि शिसे ०.३ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतली मर्यादा आहे. पानांवरचं शिसे बरंचसं धुळीचं असतं, स्वच्छ पाण्याने धुतलं की कमी होतं. कॅडमियम मुळांवाटे पानाच्या आत गेलेलं असतं, ते कितीही धुतलं तरी जात नाही. आणि चोइथराम मंडीत नेण्याआधी जुड्या नाल्याच्या पाण्यात बुचकळणं तर बंदच करा.

पाण्याचाही हिशेब करून पाहा. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियमची शिफारस केलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढंच कॅडमियम असलेलं पाणी वर्षाला एकूण साठ सेंटिमीटर दिलं, तर हेक्टरी साठ लाख लिटर पाण्यातून साठ ग्रॅम कॅडमियम शेतात आलं. ते कुजत नाही, उडून जात नाही, पुढच्या वर्षी त्यात भर पडते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून स्वच्छ होऊन आलेल्या पाण्यात धातू बरेच कमी असतात, कारण ते गाळात जाऊन बसतात. म्हणूनच असा गाळ कुणी फुकट ट्रॉलीभर टाकून देत असेल तर तपासणीशिवाय घेऊ नका. शहरी कंपोस्ट घेताना शिसे १०० आणि कॅडमियम ५ पीपीएमच्या आत असल्याचा कागद मागा. खत नियंत्रण आदेशातली मर्यादा तीच आहे.

तुकडा खराब निघाला तर तिथे पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा घेऊ नका. झेंडू, गुलाब लावा किंवा बियाण्यासाठीचं पीक घ्या. शेणखत भरपूर द्या. जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट जरूर द्या, कारण जस्ताची उणीव असलेलं पीक कॅडमियम जास्त उचलतं. चुना टाकण्याचा सल्ला आम्लधर्मी जमिनींचा आहे, आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याने काही साधत नाही.

नमुन्याच्या पिशवीत खसरा (गट) क्रमांक, खोली, तारीख आणि पाण्याचा स्रोत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई ओलीने पसरते. थोडी माती घरी बरणीत ठेवा. अहवालाला वेळ लागतो, त्यामुळे नमुने मे महिन्यातच द्या, म्हणजे पावसाळी भाजी कुठल्या तुकड्यात लावायची ते पेरणीआधी ठरवता येईल.