बाइक परदेशी न्यायचीय? आधी कागद, मग पेटी

वर्षभराच्या कामासाठी निघालो तेव्हा मी आधी बाइकची पेटी बनवायला टाकली आणि कागद मागे ठेवले. उलटं करा. तिथल्या कस्टम्सला लेखी विचारा: कामाचा व्हिसा असलेल्याला गाडी 'तात्पुरती आयात' म्हणून, म्हणजे परत नेण्याच्या अटीवर शुल्क न भरता, आणता येते का? अनेक देशांत ही सवलत फक्त तिथला रहिवासी नसलेल्याला मिळते, आणि नोकरीमुळे तुम्ही रहिवासी ठरू शकता. मग सरळ शुल्क भरा, नाहीतर बाइक घरीच ठेवा. काही देश कार्नेट मागतात, म्हणजे गाडी परत नेण्याची हमी देणारा कस्टम्सचा कागद. ते ऑटोमोबाईल क्लबकडून, तारण ठेवून मिळतं आणि सहसा वर्षभर चालतं. परतताना बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायला विसरलात, तर तारण अडकलंच म्हणून समजा.

चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून बघा. माझ्या अर्जात शून्याच्या जागी 'ओ' पडला होता; तीन दिवस गेले.

पेटीच्या लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवा; त्यासाठी सहसा लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. पुढचं चाक आणि हँडल काढलं की पेटी आखूड होते. विमानाचं भाडं आकारमानावरही लागतं, म्हणून इंच इंच वाचवा. पेट्रोल काढा, बॅटरीची वायर सोडवा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणार असाल तर टूथब्रश घेऊन बसा. मडगार्डखालची माती चालत नाही.

विमा मात्र तिथे पोहोचण्याआधीच ठरवा.