स्वतःचे रुग्ण सत्रात मांडण्यापूर्वी : कासदाहाच्या नोंदींची तयारी

निरंतर शिक्षणाच्या सत्रात केवळ ऐकण्यासाठी जाणाऱ्या पशुवैद्यकाला वही आणि पेन पुरते. स्वतःचे रुग्ण घेऊन व्यासपीठावर उभे राहायचे असेल, तर मात्र तयारी सत्राच्या आठवड्यात नव्हे, पहिला नमुना घेण्यापूर्वी सुरू करावी लागते. ही यादी कोल्हापूर जिल्ह्यात म्हशींच्या आणि संकरित गाईंच्या कासदाहावर, म्हणजे आपल्या पशुपालकांच्या भाषेत दगडीवर, काम करणाऱ्यांसाठी आहे. तिच्यातील एक बाब मागच्या वेळी माझ्याकडून राहिली होती, म्हणून ती पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी ती वगळू नये.

आधी प्रश्न ठरवावा आणि तो एकच असावा. 'आमच्या भागातील कासदाह' हा मथळा झाला, प्रश्न नव्हे. 'सौम्य कासदाहात जिवाणू संवर्धनाचा (दुधाच्या नमुन्यातून जिवाणू वाढवून पाहण्याचा) अहवाल येईपर्यंत प्रतिजैविक थांबवले तर म्हशीचे नुकसान होते का' हा प्रश्न होय. दुधाळ गाईंवरील अलीकडच्या चाचण्यांचा कल असा आहे, की सौम्य ते मध्यम कासदाहात नमुन्यातून काहीच वाढले नाही किंवा ग्रॅम-ऋण (ई. कोलाय गटासारखे) जिवाणू वाढले, तर प्रतिजैविक न देताही बरे होण्याचे प्रमाण बहुधा तेवढेच राहते. युरोपीय संघानेही 28 जानेवारी 2022 पासून प्रतिबंध म्हणून प्रतिजैविके सरसकट देण्यावर निर्बंध आणले असून, तेथे जनावर आटवताना निवडक गाईंच्याच सडांत औषध सोडण्याची पद्धत रूढ होत आहे. मात्र यातील बहुतेक काम होल्स्टीन गाईंवरचे आहे, पन्हाळ्याच्या उतारावरील गोठ्यातल्या मुऱ्हा म्हशीवरचे नाही. त्यामुळे शोधनिबंध वाचताना जनावर कोणते होते, गट कसे पाडले आणि 'बरे झाले' असे कशावरून म्हटले, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय निष्कर्षाकडे वळू नये. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी 2016 मधील स्ट्रोब-व्हेट आणि पशुधनावरील चाचण्यांसाठी 2010 मधील रिफ्लेक्ट या 22 कलमी मार्गदर्शक याद्या आहेत. त्यांतील कलमांवरून आपल्या नोंदवहीचे रकाने आखले, की पुढचा निम्मा त्रास वाचतो. दोन उपचारांची हेतुपुरस्सर तुलना करायची असेल, तर नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि पशुपालकाची लेखी संमती आधी घ्यावी. नंतर घेतलेल्या संमतीला अर्थ नसतो.

आता मुख्य बाब. नोंदवहीचा पहिला रकाना कानातील बिल्ल्याच्या 12 अंकी क्रमांकाचा असावा. पशुपालकाचे नाव दुसऱ्या रकान्यात, गाव तिसऱ्या रकान्यात. पहिला रकाना बिल्ल्याचा. माझ्या वहीत 'काळी म्हैस, तिसरे वेत, उजवा मागचा सड' अशा नोंदी होत्या, आणि करवीर तालुक्यात काळी नसलेली म्हैस कोणी पाहिली असेल तर त्याने पुढे यावे. त्याच सडात महिनाभराने पुन्हा सूज आलेल्या म्हशी किती, असे सभागृहातून विचारले गेले, तेव्हा त्या वहीतून काहीही सांगता येईना. बिल्ला शेणामातीने माखलेला असतो. तो ओल्या फडक्याने पुसावा, बारा आकडे मोठ्याने वाचून लिहावेत आणि लगेच बिल्ल्याचा जवळून फोटो घ्यावा. शेवटचे चार आकडे लिहून भागते असे सांगणाऱ्या सहकाऱ्याचे ऐकू नये. बिल्ला तुटून नवा बसवला असेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लिहावेत. बिल्लाच नसेल, तर तो बसवून घेतल्याशिवाय ते जनावर अभ्यासात धरू नये, मग रुग्ण कितीही मोलाचा असो.

नमुना प्रतिजैविकाची पहिली सुई टोचण्यापूर्वी घ्यावा, हे वेगळे सांगायला नको. तरी 'कालच एक इंजेक्शन झाले आहे' हे वाक्य निम्म्या गोठ्यांत ऐकू येते, म्हणून आधी विचारून घ्यावे. पहिल्या काही धारा सोडून द्याव्यात. 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने सडाचे टोक घासताना दूरच्या बाजूचे सड आधी पुसावेत, आणि नमुना घेताना जवळचे आधी घ्यावेत, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. नळी तिरपी धरावी, झाकण जमिनीवर ठेवू नये. बर्फात ठेवल्यावर साध्या पेनाची शाई विरघळते. न पुसणाऱ्या मार्करने नळीच्या अंगावर लिहावे, झाकणावर नव्हे, कारण झाकणांची अदलाबदल होते. काय लिहावे? बिल्ल्याचा क्रमांक आणि सडाची जागा. नमुने थंड ठेवून 24 तासांत प्रयोगशाळेत पोचवावेत, नाही तर गोठवावेत. पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायचे असतील, तर शुक्रवारी संध्याकाळी नमुने घेण्याचा उत्साह आवरावा.

कॅलिफोर्निया चाचणी (दुधात द्रावण मिसळून ते किती घट्ट होते ते पाहण्याची) गोठ्यातच करून चारही सडांची श्रेणी लिहावी. गाईतील सुप्त, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या, कासदाहासाठी दर मिलिलिटर दुधात 2 लाख कायिक पेशी (मुख्यतः पांढऱ्या पेशी) ही मर्यादा सर्रास वापरली जाते; ती म्हशीला जशीच्या तशी लावल्यास कोणीतरी बोट ठेवेलच. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा कासदाहाचा जिवाणू दुधातून अधूनमधूनच बाहेर पडतो, तेव्हा एका नमुन्यात वाढ झाली नाही म्हणून तो नाहीच असे लिहू नये.

औषधांच्या रकान्यात घटक, मात्रा, मार्ग आणि दिवस लिहावेत. केवळ कंपनीचे नाव चालत नाही. अन्नोत्पादक जनावरांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक 2019 पासून बंद आहे. औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन झालेल्या गिधाडांच्या मृत्यूंमुळे डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर 2006 मध्ये, तर किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर 2023 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. यातील एखादे नाव आपल्या तक्त्यात सापडले, तर पुढील चर्चा कासदाहावर होणार नाही. औषधाचा अंश उतरेपर्यंत दूध किती दिवस बाजूला काढण्यास सांगितले, हेही लिहावे. ज्या शहरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध प्यायले जाते, तेथे हा रकाना रिकामा ठेवणे शोभत नाही.

पाठपुरावा हे सर्वांत दुबळे अंग असते. उपचारानंतर साधारण 14व्या आणि 21व्या दिवशी त्याच सडाचा नमुना पुन्हा घ्यावा, कारण सूज उतरणे आणि जिवाणू जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काळात म्हैस वडगावच्या बाजारात विकली जाते, भावांच्या वाटणीत दुसऱ्या गोठ्यात जाते, आणि 2019 किंवा 2021 सारखा पूर आला, तर शिरोळकडील सगळा गोठाच हलतो. मालक बदलतो, गाव बदलते, फोन लागत नाही. बिल्ल्याचा क्रमांक मात्र म्हशीबरोबरच जातो. तो लिहिलेला असेल, तरच ती सापडण्याची आशा. ज्या सापडल्या नाहीत, त्यांचा आकडाही सांगावा. त्यांना गुपचूप 'बरे झाले' मध्ये ढकलू नये.

आकडेमोड साधी ठेवावी. 20 पैकी 20 जनावरे बरी झाली, तरी खरे अपयश सुमारे 15 टक्क्यांपर्यंत असू शकते, कारण शून्य अपयशाच्या वेळी 3 ला एकूण संख्येने भागून वरची मर्यादा काढतात. शिवाय सौम्य कासदाह पुष्कळदा आपोआप बरा होतो, म्हणून तुलनेचा गट नसेल, तर 'औषधाने बरा झाला' हे शब्द वापरू नयेत.

सरकचित्रे (स्लाइड्स) थोडी, अक्षर मोठे. मालकाचा चेहरा फोटोत नको. वेळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहावे. पेन ड्राइव्ह दोन. मूळ नोंदवही सोबत न्यावी, बिल्ल्यांच्या रकान्यासह. प्रमाणपत्र घेताना त्यावरील आपला पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक तेथेच तपासावा. नंतर दुरुस्तीसाठी कोणी दाद देत नाही.