पहिली फळी भिंतीवर लावताना

घर आवरायचं म्हटलं की लगेच डबे आणि बास्केट आणायला धावू नका. पुण्यात आमच्या सिंहगड रोडच्या दोन खोल्यांत ओटा मोकळा झाला तो एका फळीमुळे, म्हणून मी फळीपासूनच सुरुवात करायला सांगते.

टेप, पाणसळ (आडवी रेषा सरळ आहे का ते दाखवणारी पट्टी), हातोडी, स्क्रूड्रायव्हर बोहरी आळीच्या बाजारात एका फेरीत मिळतात. ड्रिल पहिल्या वेळी मागून आणा, पण हॅमर असलेलंच. साधं काँक्रीटमध्ये शिरत नाही.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक नकोच, वायरी बहुतेकदा तिथूनच जातात. नळाजवळही नको. फळीच्या दोन्ही बाजूंच्या भोकांच्या खुणा करून त्या पाणसळीने जुळवा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. 8 मिमीच्या गिट्टीला (स्क्रू धरून ठेवणारी, भोकात बसवायची नळी) 8 मिमीचाच बिट, म्हणजे ड्रिलचं टोक. गिट्टीच्या लांबीपेक्षा किंचित पुढे बिटवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे किती खोल जायचं ते कळतं. चष्मा घाला आणि ड्रिल भिंतीला काटकोनात धरा.

आता पडणारी धूळ बघा. आधी प्लास्टरची राखाडी येते, मग लाल आली तर वीट लागली. राखाडीच येत राहिली आणि बिट अडला तर काँक्रीट. तिथे हॅमर चालू करा. माझा हात हलला, भोक मोठं झालं आणि गिट्टी बोटानेच आत गेली. अशा भोकात स्क्रू कधीच पिळू नका. ते पुट्टीने बुजवा आणि चार बोटं सोडून नवं पाडा.

दुपारी दोन ते चार मात्र ड्रिल नको. खालच्या आजी झोपलेल्या असतात.