पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापण्याआधी

इंदुरात सकाळ म्हणजे पोहे, जिलबी आणि चहा. अशा गावात मी घराच्या मागच्या खोलीत कॉफी भाजायला घेतली आणि पहिली चूक छापखान्यात केली: पाकिटांवर ‘सेंद्रिय’ छापून आणलं. बी चिकमगळूरच्या प्रमाणित बागेतलं होतं, मग हरकत काय?

हरकत ही की प्रमाणपत्र बागेचं होतं, माझं नव्हतं. 2001 पासून चालू असलेली अपेडाची, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची, ‘एनपीओपी’ ही सेंद्रिय प्रमाणपत्राची पद्धत अख्खी साखळी बघते: पिकवणारा, साफ करणारा, भाजणारा, पाकीट भरणारा. शिवाय विक्रीगणिक वेगळा कागद. मधला एक जण बिनकागदी निघाला की पुढचा माल साधा. त्या पाकिटांत आई अजून डाळी भरते.

मग डिसेंबरात तोडणी चालू असताना एका छोट्या बागेत गेलो. या शेतकऱ्याकडे प्रमाणपत्र नाही. कॉफीसारख्या बहुवर्षी पिकाला रूपांतराची, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याची, तीन वर्षं लागतात. तोवर खर्च सेंद्रिय शेतीचा आणि भाव नेहमीचा. त्याने खोडकिडा लागलेलं झाड दाखवलं: पानं पिवळी, सालीवर वळ उठलेले. असं झाड उपटून जाळतात. बाकीची खोडं तो काथ्याच्या हातमोज्याने घासतो, चुना लावतो. शेडमध्ये युरियाचं, म्हणजे रासायनिक खताचं पोतं होतं, तेही त्याने माझ्यापासून लपवलं नाही. मला ते पोतं कुठल्याही शिक्क्यापेक्षा जास्त सांगून गेलं. अर्थात माझ्या ग्राहकाने ते पाहिलेलं नाही. त्याला कागदच लागतो. निर्यात किंवा मोठ्या दुकानाचा विचार असेल तर मुकाट्याने प्रमाणपत्राच्या मागे लागा. छोट्या शेतकऱ्यांना ते गटाने घेता येतं.

थेट घेणार असाल तर आधी नमुना मागवा आणि ओलावा मोजा. बारा टक्क्यांच्या वर असेल तर पोत्यात बुरशी धरते. भाजताना वजन साधारण 15 टक्के घटतं, म्हणजे 100 किलो कच्च्या बियांची विक्रीला 85 किलो कॉफी. हा हिशेब न करता भाव कबूल केलात तर नफा धुरात जातो. भाव, पोती, आगाऊ रक्कम, सगळं लिहून ठेवा, मैत्री कितीही झाली तरी.

मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी पाच पोती सांगून दोनच उचलली; उरलेली त्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याला पडत्या भावात दिली. यंदा नमुन्यासाठी फोन केला तर त्याने नमस्कारही पुरा होऊ दिला नाही. म्हणाला, “पहले बोलो भाई, बोरी कितना पक्का?”