चाळीसगावला उतरा अन् दोन दिवस काढा

मुंबई-भुसावळ लाईनवरून शंभरदा गेलेली लोकं पण चाळीसगावला उतरत नाहीत, धुळ्याची गाडी पकडायची असेल तेवढीच. बाकीचे हायवेने कन्नड घाट चढून थेट वेरूळला पळतात. अरे भो, पण ज्या डोंगरातून तो घाट जातो तेच तर बघायचंय ना! गौताळा औट्रम घाट अभयारण्य, पाटणादेवीचं देऊळ, कण्हेरगड, पितळखोऱ्याची लेणी, सगळं चाळीसगावात मुक्काम ठेवून होतं. फक्त एका दिवसात उरकायला जाऊ नका, दोन दिवस लागतातच.

लॉज स्टेशनजवळ किंवा बस स्टँडजवळ बघायचा, फार अपेक्षा नको, पंखा चालू अन् पाणी गरम एवढं मिळालं की झालं. पहिला दिवस पाटणादेवीला द्या. गावापासून साधारण 18 किमी. गाडी नसेल तर रिक्षा ठरवा, पण जायचं-यायचं दोन्ही ठरवा आणि पैसे परत आल्यावरच द्या. मी एकदा जातानाच सगळे देऊन टाकले, तो काही परत आला नाही, आणि खाली दरीत मोबाईलला रेंज नाही म्हणून फोन पण करता येईना, शेवटी एका दूधवाल्याच्या बाईकवर मागे बसून आलो. रस्ताभर त्याचं एकच, "कथा जायेल व्हतात भाऊ एवढ्या उन्हात?"

वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश फी भरावी लागते, सुट्टे ठेवा. सकाळी सातपर्यंत पोहोचलात तर बेस्ट. देवीचं दर्शन घ्या, पण तिथला शिलालेख विसरू नका. गणितवाले भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याचा हा लेख, शके 1128 च्या आसपासचा. म्हणजे जिथे आपण वडापाव शोधत फिरतो तिथे आठशे वर्षांपूर्वी पोरं भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथातली गणितं सोडवत होती! जवळच उंच जोत्यावर महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतींचे कोन बघत एक चक्कर मारा.

तिथून कण्हेरगड. वाटेत नागार्जुन लेणी आणि सीतेची न्हाणी लागते, पहिली जैन लेणी आहेत, थांबायला सावली पण मिळते. वर वाट घसरडी आहे, मुरूम सुटा आहे, चप्पल घालून येणारे लोक बघून मला घाम फुटतो. पाणी माणशी तीन लिटर धरा, वर भरायला मिळेल या भरवशावर राहू नका. धवलतीर्थ आणि केदारकुंड हे धबधबे पावसाळ्यातच खरे, उन्हाळ्यात नुसता काळा खडक.

दुसऱ्या दिवशी पितळखोरा. पाटणादेवीकडून डोंगर चढून पण जातात लोक, पण त्याला वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत पाहिजेच, बिबट्याचं जंगल आहे ते. नाहीतर गाडीने घाट चढून पठारावर जायचं, मग पायऱ्यांनी दरीत उतरायचं. लेणी इसवी सनपूर्व 2 ऱ्या शतकातली, दगड ठिसूळ असल्याने बरीच ढासळलीत, पण जोत्यावरची हत्तींची रांग अन् दाराशी उभे द्वारपाल बघून पाय हलत नाही. इथलाच एक हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या हातावर घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव कोरलंय. लेण्यात धूर, अत्तर, आरडाओरडा अजिबात नको, मधमाश्या उठल्या तर दरीत पळायला जागा नाही.

कधी जायचं? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेत 42-43 डिग्रीत खान्देशातला माणूस पण दुपारी घराबाहेर पडत नाही. पावसाळा सुंदर, पण अंदाज बघून जा, 31 ऑगस्ट 2021 ला एका रात्रीत डोंगरी आणि तितूर नद्यांचा पूर गावात शिरला आणि कन्नड घाटात दरड कोसळली होती. वर डोंगरात ढग काळे दिसले की ओढ्यातून लगेच बाहेर यायचं, खाली ऊन असलं तरी.

खाण्याचं सोपं आहे. संध्याकाळी शेवभाजी, थंडीत भरीत अन् कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. शेवभाजीत शेव वाढतानाच टाकायला सांगा, आधी टाकली की लगदा होतो, आणि "तिखट कमी" असं म्हणालात तरी ती तिखटच येणार. परतीच्या गाडीला वेळ असेल तर स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय, हा फोटोग्राफर कलावंत अर्धं आयुष्य त्या घराबाहेर जवळपास पडलाच नाही. उघडं आहे का ते सकाळीच विचारून ठेवा आणि बॅगा लॉजवर ठेवून जा.