फिजिओथेरपिस्ट व्हायचंय? कोकणातल्या पोरांनी अकरावीतच वाचा

बारावीच्या रिझल्टला कोकण बोर्ड दरवर्षी पुढे असतं, पण एमबीबीएसला नंबर नाय लागला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. फिजिओथेरपीकडे उरलंसुरलं म्हणून बघू नका. आंब्यावरनं पडलेले, लकवा मारलेले, गुडघ्यांनी खाटेला खिळलेले पेशंट आपल्याकडे वाडीवाडीत आहेत आणि उपचाराला कोल्हापूर नायतर मुंबई गाठतात, म्हणून आपल्यातलीच पोरं या लायनीत यायला हवीत.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश पायजे, पीसीबीत ओपनला ५० टक्के, राखीवला ४०. मग नीट ही प्रवेश परीक्षा. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे, तिथे जोर लावा. नुसती नीट देऊन भागत नाय, राज्याच्या सीईटी सेलच्या साईटवर वेगळा फॉर्म भरून कॉलेजांचे पर्याय द्यावे लागतात.

खरी धावपळ कागदांची. डोमिसाईल, नॉन क्रीमी लेयर मिळून जातं पण कास्ट व्हॅलिडिटीला महिनेच्या महिने जातात, तेव्हा अर्ज अकरावीतच टाका. आणि बांदा-दोडामार्गकडच्या पोरांनी जपून, जवळ पडतं म्हणून बारावी गोव्यातनं केली तर महाराष्ट्राच्या कोट्याला अडचण येते, आधी नियमावली नीट वाचा.

कोर्स बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा ४ वर्षं आणि वर ६ महिने इंटर्नशिप असा चालत आलाय, पण २०२१ च्या केंद्राच्या कायद्याखाली नवीन अभ्यासक्रम आलाय त्यात इंटर्नशिपच वर्षाची, म्हणजे एकूण ५ वर्षं, तुमच्या बॅचला कुठला ते अ‍ॅडमिशनलाच विचारून घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर ही पालिकेची कॉलेजं आहेत, फी प्रायव्हेटपेक्षा खूपच कमी, पर्याय भरताना ती वर ठेवा.

डिग्री हातात आली म्हणजे लगेच बोर्ड लावायचा नाय. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नाव नोंदवायचं, मार्कशीटा, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट सगळं जपून ठेवा. आंबोली चढून बेळगावला शिकलात तरी सावंतवाडीत प्रॅक्टिस करायची तर इथली नोंदणी लागतेच. नोंदणी नसताना पेशंटच्या मानेला, मणक्याला हात लावू नका, चुकीच्या झटक्याने माणूस कायमचा अधू होऊ शकतो. चार-सहा महिन्यांचे मसाजचे कोर्स करून फिजिओ म्हणवून घेणारे पण असतात, घरच्या कुणाला न्यायचं असेल तर आधी बिनधास्त नोंदणी नंबर मागा.