मिशनला निघताय? माझ्या वहीची गोष्ट आधी ऐका

मिशनचा कॉल, म्हणजे धर्मप्रसाराला पाठवणारं चर्चचं पत्र, हातात पडलं की जो तो सल्ले द्यायला लागतो. दात तपासून घे, बुटांचे दोन जोड घे, रोज डायरी लिही. सगळं बरोबर आहे, करा. त्यावर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय एका वहीबद्दल. तिच्यापायी माझी अशी फजिती झाली की आजही आठवलं तर कानशिलं गरम होतात.

मी पुण्याची. ऑक्टोबर 2016 ते एप्रिल 2018 मी लॅटर-डे सेंट्स (लोक मॉर्मन म्हणतात) चर्चच्या इंडिया बेंगळुरू मिशनमध्ये होते. आमच्या घरातली पहिलीच मिशनरी. आजी कोपरगावची, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गात वाढलेली जुनी मराठी ख्रिस्ती. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळीच तिनं विचारलं होतं, "अगं, आपण आधीच ख्रिस्ती. धुतलेलं पुन्हा कशाला धुवायचं?" मिशनचं कळल्यावर पहिला प्रश्न, "पगार किती?" पगार नाही, उलट आपणच साठवलेले पैसे घालायचे, असं सांगितल्यावर ती माझ्याशी बोललीच नाही, थेट आईकडे बघत बसली. हे काही नवीन खूळ नाही हे पटवायला मी म्हटलं, "आजी, 1852 सालीच ह्यू फिंडले नावाचा आमचा मिशनरी मुंबईत उतरला होता. पुढे पुण्यातसुद्धा छोटी शाखा होती." आजी म्हणाली, "मग गेली कुठं ती?"

घरच्यांना वादात जिंकायचा प्रयत्न करू नका, एवढंच यातून घ्या.

तर वही. माझ्या कॉलवर भाषा इंग्रजी होती, त्यामुळे मनिलाच्या एमटीसीत (मिशनरी प्रशिक्षण केंद्रात) सगळं इंग्रजीतच शिकवलं. बेंगळुरूत पहिले काही महिने त्यावर निभावलं. मग ट्रान्सफर आली आंध्रातल्या राजमंड्रीची. कागदोपत्री आता राजमहेंद्रवरम, पण तोंडी सगळे राजमंड्रीच म्हणतात. पहिल्या दिवशी गोदावरी बघितली आणि आजीची आठवण आली. कोपरगावला पुलावरून दिसते तीच नदी, इथं तिचा पलीकडचा काठसुद्धा नीट दिसत नव्हता. आणि माणसं इतकी अदबीची की प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'अंडी'. रंडि, कूर्चोंडि, चेप्पंडि: या, बसा, सांगा. मराठी माणसाला पहिला आठवडा हसू आवरत नाही. तेलुगूत 'चालु' म्हणजे 'पुरे'. माझी कम्पॅनियन, म्हणजे जोडीदार मिशनरी, जेवताना चालु चालु म्हणायची आणि मला वाटायचं, केवढं खाते ही पोरगी!

त्या गल्ल्यांमध्ये इंग्रजीचा उपयोग शून्य. घरात एका कपाटात आधीच्या सिस्टरांनी (मिशनरी मुलींनी) सोडलेली वही सापडली. त्यात सगळे धडे तेलुगूत, पण रोमन अक्षरांत लिहिलेले. मी हुशार! तीन रात्री बसून सगळं देवनागरीत उतरवलं आणि घोकलं. दहावीला संस्कृतची सुभाषितं घोकली होती तसंच. दोन आठवड्यांत तारणाच्या योजनेचा धडा मी घडाघडा म्हणायला लागले. ब्रँचमधले, म्हणजे चर्चच्या तिथल्या शाखेतले, लोक कौतुक करायचे, "सिस्टर, उच्चार किती छान!" मिशनरींच्या डिस्ट्रिक्ट मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं गेलं. अमेरिकन एल्डर (मिशनरी मुलगे) बिचारे अजून 'नेनु, नेनु' (मी, मी) करत अडखळत होते. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

आता नीट ऐका, कारण खड्डा इथंच आहे. पाठांतरानं तोंड पुढं जातं आणि कान मागं राहतात. तोंड किती पुढं गेलंय एवढंच समोरच्याला दिसतं. गोरा एल्डर अडखळला की लोक त्याच्याशी सावकाश, सोप्या शब्दांत, हातवारे करून बोलतात. तुमचा चेहरा आपल्यासारखा, उच्चार स्वच्छ. तुम्हाला कसली सवलत नाही. समोरचा माणूस आपल्या नेहमीच्या वेगात, आपल्या बोलीत, मन मोकळं करतो. आणि तुमच्याकडे काय असतं? पुढचं पाठ केलेलं वाक्य.

जुलै 2017. ब्रँचमधल्या एका बाईंनी शेजारणीकडे नेलं. (आपल्याकडे दारोदार बेल वाजवत हिंडायचं नसतं, कुणी बोलावलं तरच जायचं, हे डोक्यात पक्कं ठेवा. धर्मांतराचे कायदे, लोकांचा संशय, सगळंच नाजूक आहे. नोकरीचं, बरं होण्याचं, कसलंही आमिष तोंडातूनसुद्धा जाता कामा नये.) अम्मा चाळिशीतल्या असतील. मी सुरुवात केली. कुटुंब, देवाची योजना, मग वहीतला प्रश्न, "मीकु एंतमंदि पिल्ललु?" तुम्हाला मुलं किती?

त्या काहीतरी म्हणाल्या. त्यात 'इद्दरु', म्हणजे दोन, एवढं मला कळलं. पुढं आणखी एक वाक्य होतं. वहीत या प्रश्नापुढं उत्तर तयार होतं, तेच मी हसून म्हटलं, "चाला मंचिदि." फार छान.

त्यांचं वाक्य होतं, "पेद्दोडु चनिपोयाडंडि." थोरला वारला.

मला हे तिथं कळलंच नाही. अम्मा गप्प झाल्या, माझी कम्पॅनियन घाईनं मध्ये पडली, तिच्या तेलुगूत बराच वेळ बोलली, प्रार्थना झाली, आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिनं मला अर्थ सांगितला. मी तिथंच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मुलगा गेल्याला वर्षही झालं नव्हतं आणि मी त्यांच्या दारात जाऊन 'फार छान' म्हणून आले होते. वर 'कुटुंबं सदासर्वकाळ एकत्र राहू शकतात' हेही म्हणून दाखवलं होतं, न अडखळता.

दुसऱ्या दिवशी मी वही न घेता गेले. मला येत होते दोनच शब्द, तेही रात्री विचारून घेतलेले: "क्षमिंचंडि. नाकु अर्थं कालेदु." माफ करा, मला कळलं नाही. अम्मांनी माझ्याकडे बघितलं, सुपात तांदूळ घेतले होते ते माझ्यापुढं सरकवले. निवड म्हणून. आम्ही तासभर खडे काढले. एकेक वस्तू उचलून त्या नाव सांगायच्या, मी म्हणायचे, चुकलं की त्या हसायच्या. त्यानंतर दर आठवड्याला हेच. कधी तांदूळ, कधी गवार. हळूहळू थोरल्याबद्दलही बोलायला लागल्या. काय खायचा, गोदावरीत पोहायला जातो म्हणून किती मार खायचा. मला त्यातलं आधी पाव कळायचं, मग निम्मं. फेब्रुवारीत एक दिवस सगळं कळलं आणि त्या दिवशी मी एक अक्षरही बोलले नाही.

त्या चर्चमध्ये आल्या नाहीत. मिशनच्या आठवड्याच्या अहवालातल्या आकड्यांत त्यांचं घर कुठंच बसलं नाही. माझ्या 18 महिन्यांतलं सगळ्यांत मोलाचं काय, असं कुणी विचारलं तर मी तीच ओसरी सांगेन.

म्हणून सांगते: पहिल्या आठवड्यात तीनच वाक्यं शिका. मला कळलं नाही, पुन्हा सांगा, सावकाश. बाकी सगळं नंतर. वही करायची तर आपण काय बोलणार याची करू नका, आज कानावर काय पडलं याची करा. लिपी शिका. बसच्या पाट्या वाचत मला तीन आठवडे लागले आणि मी काही फार हुशार नाही. मोबाईलवर फिरणारे पाठ केलेल्या धड्यांचे फोटो डिलीट करा. आणि "आत्मा आपोआप जीभ देईल" म्हणून पाठीवर थाप मारणाऱ्या आरएम (मिशन करून परतलेल्या) ताई-दादांना नमस्कार करून पुढं चला. भाषेच्या दानावर माझा विश्वास आहे. पण मला ते दान सुपासमोर बसून मिळालं.

'आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस' म्हणणाऱ्यांवरही माझा जरा रागच आहे. सुंदर होते, पण साडेसहाला उठून चाळीस अंशात सायकल मारताना सुंदर वाटत नाहीत. तुम्हाला तिसऱ्या आठवड्यात घरी पळून जावंसं वाटलं तर तुम्ही वाईट मिशनरी नाही. मला तर दुसऱ्याच आठवड्यात वाटलं होतं. आमच्या वेळी घरी फोन वर्षातून दोनदा, एरवी पी-डेला, म्हणजे आठवड्याच्या कामं उरकायच्या दिवशी, ईमेल. 2019 पासून दर आठवड्याला बोलता येतं. बोला. फक्त आईला रडून दाखवून फोन ठेवू नका, तिला आठवडाभर झोप लागत नाही.

कम्पॅनियनबद्दल: चोवीस तास एका माणसाबरोबर राहायचं आहे आणि ते माणूस तुम्ही निवडलेलं नाही. माझ्या एका कम्पॅनियनशी मी मिक्सरच्या भांड्यावरून चार दिवस अबोला धरला. दोघी मिळून लोकांना क्षमा शिकवत होतो! भांडण झालं तर त्याच रात्री मिटवा.

चहा: आपल्या चर्चमध्ये चालत नाही, पण कारण सांगत बसू नका. "टी वद्दंडि, मज्जिग उंटे इव्वंडि", ताक असेल तर द्या. ताकाला कुणी नाही म्हणत नाही. एल्डर लोकांनी भात आणि एक डाळ तरी घरून शिकून जा.

2 एप्रिल 2018, सोमवार, पी-डे. मी कपडे भिजवत होते आणि फोन वाजत सुटला. रात्री चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन यांनी बेंगळुरूला आमच्या चर्चचं मंदिर होणार असं जाहीर केलं होतं. भारतातलं पहिलं. ज्यांनी वर्षानुवर्षं पैसे साठवून मंदिरासाठी हाँगकाँगचा प्रवास केला होता ते म्हातारे सभासद फोनवर नुसते रडत होते. मी साबणाच्या हातानं फोन धरून ऐकत होते. ऐकणं तोवर जमायला लागलं होतं.

दोन आठवड्यांनी मी घरी. बॅज काढला, आईनं पुरणपोळी केली. आजीनं विचारलं, "किती जणांना बाप्तिस्मा दिलास?" म्हटलं, आमच्यात बाप्तिस्मा सिस्टर देत नाहीत. "मग दीड वर्ष केलंस काय?" म्हटलं, तेलुगू शिकले. "बोल बघू."

मी म्हटलं, "नाकु अर्थं कालेदु. मळ्ळी चेप्पंडि. मेल्लगा."

आजीला वाटलं प्रार्थना आहे. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आमेन."